₹६०,००० चा गेमिंग पीसी: जुळवाजुळवीच्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

धाकट्याची बारावी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाआधी घरात कॉम्प्युटर यायला हवा हे बाबांनाही पटलं. ₹४०,००० ते देणार, वरचे ₹२०,००० माझे. मॉनिटर यात धरलेला नाही. मी घरून काम करत होते तेव्हाचा २४ इंची मॉनिटर पडून आहे, १९२० × १०८०, ७५ हर्ट्झ. तोच वापरायचा.

हिशेबाची सुरुवात मॉनिटरपासून केली, कारण ग्राफिक्स कार्डाला किती पिक्सेल रंगवायचे आहेत ते पडद्यावर ठरतं. १४४०पीच्या पडद्याला १०८०पीच्या पावणेदोन पट पिक्सेल लागतात. आपला पडदा १०८०पी आहे, तेव्हा त्यापुढच्या कार्डांकडे बघायचंच नाही.

गेम त्याच्याकडून लिहून घेतले: व्हॅलोरंट, ईए एफसी, सायबरपंक २०७७, रेड डेड रिडेम्प्शन २. शिवाय मित्रांबरोबर खेळताना मराठीत कॉमेंट्री करून ते व्हिडिओ टाकायचे आहेत, म्हणजे खेळता खेळता रेकॉर्डिंगही हवं. ही शेवटची गोष्ट त्याने सहज सांगितली, पण पार्ट निवडताना तिचं वजन मोठं असणार आहे.

या वहीपुरता एक नियम ठरवला. स्वस्त पार्ट म्हणजे महाग पार्टमधून काहीतरी काढून घेतलेला पार्ट. काय काढलं आहे ते खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं, ते शोधावं लागतं. प्रत्येक पार्टसमोर दोनच गोष्टी लिहायच्या: काय काढलं, आणि ते आपल्याला जाणवणार का.

२ जून, रविवार

बाबांच्या ओळखीतल्या एका दुकानदाराने फोनवर तयार पीसीचा भाव दिला: "आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ₹३२,०००." बाबांना वाटलं, निम्म्यात काम झालं. मी आय७ चा पूर्ण नंबर विचारला. निघाला ४७७०, म्हणजे २०१३ सालचा. त्यात ४ कोअर (काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). आजचा सगळ्यात साधा कोअर आय३-१२१००एफ घेतला तरी त्यातही ४ कोअर आणि ८ थ्रेडच आहेत, आणि त्याचा एकेक कोअर कितीतरी वेगवान आहे. नावात आय७ असलं म्हणून आय३ च्या पुढे जाता येत नाही, पिढी बघावी लागते.

दुसरी अडचण विंडोज ११ ची. इंटेलच्या चौथ्या पिढीला ते अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी लागतातच. बाबांना कागदावर दोन्ही प्रोसेसरची सालं शेजारी लिहून दाखवली. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

४ जून, मंगळवार

प्रोसेसर. चार नावं समोर आहेत: आय३-१२१००एफ साधारण ₹८,००० ला, एएमडीचा रायझेन ५ ५५०० ₹८,६०० ला, आय५-१२४००एफ ₹११,००० ला, रायझेन ५ ५६०० ₹११,६०० ला.

५५०० आणि ५६०० यांत ₹३,००० चा फरक आहे आणि वरवर बघितलं तर दोघंही सारखेच: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट. काढलेल्या वस्तू आत आहेत. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे, ५५०० मध्ये १६. ५६०० ला पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि एसएसडी ज्या मार्गाने जोडले जातात तो) ४.० येतं, ५५०० ला ३.० वरच थांबावं लागतं. गेम चालू असताना प्रोसेसर त्याच त्या माहितीकडे पुन्हा पुन्हा वळतो. ती कॅशेत मावली तर काम लगेच होतं, नाही तर रॅमपर्यंत जाऊन यावं लागतं. व्हॅलोरंटसारखा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरच्याच जोरावर पळतो, त्यामुळे ही काटछाट आपल्याला जाणवणार. ५५०० बाद.

५६०० मधून काढलंय ते अंगचं ग्राफिक्स. इंटेलच्या नावापुढे एफ असतं त्याचाही अर्थ तोच. आपण कार्ड घेणारच आहोत, म्हणून ते नसल्याचं काही वाटणार नाही. एवढंच की कार्ड बिघडलं तर पडदा काळा राहील.

१२४००एफ आणि ५६०० गेममध्ये जवळजवळ बरोबरीचे आहेत. पण १२४००एफबरोबर स्वस्तातला म्हणून जो एच६१० बोर्ड गळ्यात पडतो, त्यात रॅमच्या दोनच जागा आणि रॅमचा वेग ठरावीक मर्यादेच्या वर नेता येत नाही. एएम४ मध्ये, म्हणजे ५६०० ज्या सॉकेटात बसतो त्यात, तेवढ्याच पैशांत चार जागांचा बोर्ड येतो. शिवाय कालच कम्प्युटेक्स प्रदर्शनात एएमडीने नव्या ९००० मालिकेबरोबर एएम४ साठीही दोन नवे प्रोसेसर जाहीर केले. २०१६ चं सॉकेट, आणि २०२४ मध्येही त्यात नवा माल येतोय. चार वर्षांनी धाकट्याला जोर कमी वाटला तर याच बोर्डवर ९६ एमबी कॅशेचा ५७००एक्स३डी बसेल. ५६०० नक्की.

८ जून, शनिवार

ग्राफिक्स कार्ड. इथे घाई करायची नाही, कारण एक तृतीयांशाहून जास्त पैसे यातच जाणार.

धाकट्याने आरएक्स ६५०० एक्सटी शोधून आणलं, ₹१४,५०० ला. म्हणाला, "ताई, हे घेतलं तर आरएक्स ६६०० पेक्षा सात हजार वाचतात." वाचतात, पण या कार्डातून जेवढं काढलंय तेवढं मी दुसऱ्या कुठल्या कार्डात बघितलेलं नाही. मेमरी ४ जीबी. मेमरीची बस, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी, ६४ बिट. पीसीआय एक्सप्रेसच्या १६ लेनऐवजी फक्त ४. आणि व्हिडिओ रेकॉर्ड करण्यासाठी जो एन्कोडर लागतो, तोच कार्डात नाही.

यातली प्रत्येक उणीव दुसरीला वाढवते. आजच्या गेमचे टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) ४ जीबीत मावत नाहीत. मावले नाहीत की जास्तीचे कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवले जातात, आणि लागतील तेव्हा लेनवरून कार्डात आणले जातात. ४.० च्या एका लेनमधून सेकंदाला सुमारे २ जीबी जातात, ३.० मधून १. म्हणजे स्वस्त बोर्डवर, जिथे ३.० असतं, या कार्डाला एकूण ४ जीबीचा रस्ता मिळतो. संध्याकाळी कल्याणच्या पत्रीपुलावर वाहनांचं जे होतं तेच मग गेममध्ये होतं: मध्येच सगळं अडतं, पुन्हा सुटतं, पुन्हा अडतं. हे कार्ड ज्यांना परवडतं त्यांच्याकडे बहुधा जुना ३.० चाच बोर्ड असतो, आणि ज्यांना फटका बसायला नको त्यांनाच तो बसतो. मला या कार्डाचा मनापासून राग आहे.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० मध्ये वेगळा घोटाळा. या नावाची दोन कार्डं आहेत. २०२२ चं ८ जीबीचं, १२८ बिट बस. आणि याच वर्षी फेब्रुवारीत आलेलं ६ जीबीचं, ९६ बिट बस, कोअरही २५६० ऐवजी २३०४. दुकानात दोन्हींना "तीस पन्नास"च म्हणतात. ६ जीबीवाल्याचा एक खरा गुण आहे: ते ७० वॅटवर चालतं, विजेची वेगळी वायर लागत नाही. जुन्या ऑफिसच्या पीसीत कार्ड घालायचं असेल तर मी तेच सुचवेन. आपल्याला मात्र सगळं नव्याने बांधायचं आहे, तो गुण आपल्या उपयोगाचा नाही.

वापरलेलं आरएक्स ५८० ₹६,५०० ला मिळतंय. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवरची मायनिंग बंद झाली आणि तेव्हापासून अशी कार्डं बाजारात पसरली आहेत. त्यातही २३०४ ऐवजी २०४८ शेडरचं (कार्डाच्या कोअरचं) कार्ड ५८० च्याच नावाने विकलं जातं. वर १८५ वॅटची भूक आणि वॉरंटी शून्य. बाबांच्या पैशांत हा धोका घ्यायचा नाही.

उरलं आरएक्स ६६००, ₹२१,५००. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, ८ पिनची एकच वायर. यातूनही काढलंय: बस १२८ बिटची आणि लेन १६ ऐवजी ८. पण बस अरुंद ठेवताना चिपमध्येच ३२ एमबीची कॅशे दिली आहे आणि १०८०पीला ती पुरते. मेमरी ८ जीबी असल्याने टेक्स्चर बाहेर सांडत नाहीत, म्हणून लेन कमी असल्याचं ओझंही कमी. रेकॉर्डिंगसाठी एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्ही व्हिडिओ-प्रकारांचे एन्कोडर आहेत. एच.२६४ मध्ये एनव्हिडियाचं चित्र जास्त स्वच्छ येतं, हे मान्य. म्हणून रेकॉर्डिंग एच.२६५ मध्ये करायचं, यूट्यूब ते घेतं. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाश खऱ्यासारखा पसरवून दाखवणं, बंद असेल तर ६६०० हे ८ जीबीच्या ३०५० ला स्पष्ट मागे टाकतं आणि किंमत जवळजवळ तेवढीच.

धाकट्याला रे ट्रेसिंगचं आकर्षण आहे. या किमतीत कुठल्याच कार्डावर ते धड चालत नाही, त्याच्यासाठी पैसे मोजू नयेत.

९ जून, रविवार

मदरबोर्ड. कार्ड ठरल्यामुळे हा प्रश्न सोपा झाला. बी५५० मध्ये पीसीआय एक्सप्रेस ४.० आहे, बी४५० मध्ये ३.०. फरक ₹२,५०० ते ₹३,००० चा. ६६०० ला ३.० वर ८ लेन म्हणजे सेकंदाला ८ जीबी मिळतात, आणि त्यात होणारं नुकसान इतकं थोडं आहे की खेळताना कळत नाही. इथे काटछाट पत्करायची. हेच ६५०० एक्सटी घेतलं असतं तर बी५५० लागलाच असता आणि कार्डावर वाचवलेले पैसे बोर्डात गेले असते.

एमएसआयचा बी४५०एम प्रो-व्हीडीएच मॅक्स बघून ठेवला. रॅमच्या ४ जागा आहेत, आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक आहे. स्वस्त बोर्डात हा हीटसिंक पहिल्यांदा गायब होतो. एक काळजी: बी४५० हा ५००० मालिकेच्या आधीचा. खोक्यावर "रायझेन ५००० डेस्कटॉप रेडी" असं स्टिकर असेल तरच घ्यायचा, नाही तर जुन्या बायोसमुळे (बोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरमुळे) प्रोसेसर ओळखलाच जाणार नाही.

१० जून, सोमवार

रॅम: डीडीआर४ ३२००, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, सीएल१६. १६ ची एकच पट्टी दोन-तीनशेने स्वस्त पडते आणि "पुढे दुसरी टाका" असं दुकानदार सांगतात. तसं करायचं नाही. एका पट्टीला एकच चॅनेल, सेकंदाला २५.६ जीबी. दोन पट्ट्यांना दुप्पट. एवढ्या थोडक्या पैशांसाठी निम्मा रस्ता बंद करून घ्यायचा नसतो.

एसएसडी: १ टीबी, एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवरून चालणारी). ५०० जीबीत भागत नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० जीबी मागतो, सायबरपंक ७० जीबी, आणि रेकॉर्डिंग वेगळं. यात काढलेल्या वस्तू दोन असतात, वेगळी डीरॅम (एसएसडीची स्वतःची छोटी रॅम) आणि टीएलसी चिप (तिच्याऐवजी स्वस्त क्यूएलसी घालतात). डीरॅम नसली तरी एनव्हीएमईमध्ये कॉम्प्युटरच्या रॅममधला थोडा भाग उसना घेऊन भागतं. क्यूएलसी चिप मात्र मोठी फाइल लिहिताना मध्येच मंदावते, आणि रेकॉर्डिंगच्या फाइल मोठ्याच असतात. म्हणून टीएलसीची, डब्ल्यूडी ब्लू एसएन५८०. ती ४.० ची आहे, आपल्या बोर्डवर ३.० च्या वेगाने चालेल. तेवढ्यानेही साध्या साटा एसएसडीच्या पाचपटीहून जास्त वेग मिळतो.

१२ जून, बुधवार

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणारा डबा. आज घरात वाद झाला, चांगला झाला.

बाबांचं म्हणणं, कॅबिनेटबरोबर "४५० वॅट" एसएमपीएस फुकट मिळत असताना ₹४,६०० कशाला घालायचे? त्यांना तशाच एका फुकटच्या एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो दाखवला. १२ व्होल्टसमोर १७ अँपिअर लिहिले होते. १२ गुणिले १७, म्हणजे २०४ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून ४५० चा आकडा पुरा केला होता. ८ पिनची वायर तर नव्हतीच. ती नसली की दुकानदार मोलेक्स या जुन्या प्रकारच्या वायरीचा जोड देतात, आणि त्या जोडातून शंभर-सव्वाशे वॅट ओढले की वायर तापते.

मग आपला हिशेब मांडला. प्रोसेसर जोरात चालला तर ७६ वॅट. कार्ड १३२. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरले. बेरीज २५८. चांगला ४५० वॅटचाही पुरला असता, पण पुढचं कार्ड जास्त वीज खाईल म्हणून ५५०. कोर्सेअरचा सीएक्स५५०, ८० प्लस ब्राँझ, जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर, ५ वर्षांची वॉरंटी. ८० प्लस हा फक्त वीज किती वाया जाते त्याचा शिक्का आहे. आतली संरक्षणं आहेत की नाहीत ते त्यावरून कळत नाही, म्हणून वॉरंटीची वर्षं बघावी. पाच वर्षं जबाबदारी घेणारी कंपनी आत सहसा हलके पार्ट घालत नाही.

बाबांनी लेबलाचा फोटो पुन्हा मागून घेतला, स्वतः गुणाकार केला आणि म्हणाले, "घे."

१३ जून, गुरुवार

कॅबिनेट: पुढे काच नको, जाळी हवी. आमच्या घरात एसी नाही आणि मे महिन्यात खोली ३५ अंशांवर जाते. ₹३,२०० चं, पुढे दोन पंखे आणि मागे एक. रंगीत दिवे त्यातच आहेत, धाकटा खूश.

१५ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड. आता त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते कोणी म्हणत नाही. कल्याणहून दादर, तिथून ग्रँट रोड, पूर्वेला उतरून चालत. भाव ऑनलाइनपेक्षा थोडेच कमी, पण खोकं हातात घेऊन बघता येतं आणि आपल्याला तेच हवं होतं.

एका दुकानात ५६०० चा भाव बाकीच्यांपेक्षा ₹९०० ने कमी निघाला. खोकं दाखवा म्हटल्यावर प्लॅस्टिकच्या ट्रेमधला सुटा प्रोसेसर पुढे आला. त्याच्याबरोबर कूलर नाही, आणि एएमडीची ३ वर्षांची वॉरंटी फक्त खोकाबंद प्रोसेसरला असते. कूलर वेगळा घेतला की ₹९०० तिथेच संपले. शेजारच्या दुकानातून खोकाबंद घेतला.

"मॅडम, बिल नको असेल तर अजून कमी करतो," असंही ऐकलं. १८ टक्के जीएसटीसकट पक्कंच बिल घेतलं, आणि कार्ड, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस या सगळ्यांचे सीरियल नंबर बिलावर लिहून घेतले. काउंटरवरच्या पोऱ्याने कुरकुर न करता लिहून दिले. एकूण ₹५६,७००. बोर्डच्या खोक्यावर स्टिकर होतं. पाऊस होता, खोकी प्लॅस्टिकमध्ये बांधून आणली.

१६ जून, रविवार

जुळणी. स्क्रू धाकट्याच्या हातात, मी शेजारी. तो शिकला पाहिजे.

पुढे कोणाला लागेल म्हणून काही गोष्टी लिहिते. कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवण्याआधी मागची पत्र्याची पट्टी बसवायची. प्रोसेसरवर जोर द्यायचा नाही, सोनेरी त्रिकोण जुळला की तो आपोआप खाली बसतो. ५६०० बरोबरचा कूलर स्क्रूचा आहे, त्यासाठी बोर्डवरचे प्लॅस्टिकचे दोन कंस काढावे लागतात, आणि ते काढल्यावर बोर्डच्या पाठीमागची आधाराची पट्टी सुटते, ती हाताने धरून ठेवायची. स्क्रू चारही थोडे थोडे, समोरासमोरचे आवळायचे. थर्मल पेस्ट कूलरला लावलेलीच येते. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत. मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, बोर्डला नाही.

पहिल्याच बटणाला बायोस दिसला. धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रॅम २६६६ वर चालत होती. बायोसमध्ये ए-एक्सएमपी चालू केल्यावर ३२०० झाली. हे कित्येक घरांत कोणी करतच नाही, वेगाचे पैसे भरून मंद रॅम वापरतात. तिथेच एफटीपीएम (टीपीएमचाच प्रकार) आणि सिक्युअर बूटही चालू केलं, मग विंडोज ११ टाकलं.

२२ जून, शनिवार

आठवडाभर वापरल्यावरची मोजमापं. खोली ३१ अंश. सायबरपंक हाय सेटिंगवर सेकंदाला ६० फ्रेमच्या वर राहतो, गर्दीच्या बाजारात थोडा खाली येतो. व्हॅलोरंट तर मॉनिटरच्या ७५ हर्ट्झच्या किती पुढे पळतो ते सांगायला नको. पुढचे पैसे जमले की ते १४४ हर्ट्झच्या मॉनिटरमध्ये घालायचे, कार्डात नाही. प्रोसेसर ७८ अंशांपर्यंत गेला. त्याची मर्यादा ९० आहे, म्हणून वेगळा कूलर सध्या घेत नाही. पुढच्या मे महिन्यात परत मोजू.

रेकॉर्डिंग चालू ठेवून तासभर खेळला, फ्रेम फारशा पडल्या नाहीत. पहिला व्हिडिओ टाकला आहे. आवाजात पंखा ऐकू येतो, माइक कॅबिनेटपासून लांब ठेवायला सांगितलं.

२९ जून, शनिवार

पावसात वीज जाऊ लागली. उरलेल्या पैशांत ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, त्यावर ३६० वॅट लिहिलंय. आपला पूर्ण भार मॉनिटरसकट २९० च्या आसपास, म्हणजे सेव्ह करून बंद करण्यापुरती मिनिटं मिळतील. काही एसएमपीएस असल्या यूपीएसच्या खडबडीत लहरीवर बंद पडतात, म्हणून घरी आणल्याआणल्या गेम चालू ठेवून मेन स्विच पाडून बघितला. चाललं.

वायरमनला बोलावून त्या खोलीच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतलं. तिसरी पिन नावालाच होती, वायर जोडलेलीच नव्हती. ती त्याने ओढून दिली. सगळी बिलं, खोकी आणि वॉरंटीच्या तारखांचा कागद माळ्यावर एका पिशवीत ठेवला आहे. एसएमपीएसची वॉरंटी जून २०२९ पर्यंत, प्रोसेसरची जून २०२७ पर्यंत.